गिधाडांच्या ऱ्हासाचे शास्त्रीय कोडे

काही दशकांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रातील कोणत्याही गावाच्या शिवारात एखादे जनावर मरून पडले, की थोड्याच वेळात आकाशात गिधाडांच्या घिरट्या सुरू होत. उंचावर विहरणारे एक गिधाड खाली झेपावले, की त्याची हालचाल दुरून हेरून दुसरे येई, दुसऱ्यामागून तिसरे. आणि पाहता पाहता पन्नास-शंभर पक्ष्यांचा मेळा जमे. बैलासारख्या मोठ्या जनावराचे कलेवर फस्त करण्यास अशा थव्याला तासाभराचा अवधी पुरेसा होई. मागे उरत ती केवळ हाडे. दुर्गंधी नाही, माश्या नाहीत, रोगराईचे भय नाही. या सेवेसाठी गावाला एक पैसाही खर्चावा लागत नसे.

हे दृश्य आता दुर्मीळ झाले आहे. १९९० नंतरच्या अवघ्या पंधरा वर्षांत आपल्या देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. ती का नाहीशी झाली, हे शोधण्यास शास्त्रज्ञांना अनेक वर्षे लागली. या शोधात पक्षिशास्त्रज्ञ, पशुवैद्यक, विकृतिशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अशा सर्वांचा हातभार लागला. विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखा एकत्र आल्या म्हणजे काय साध्य होते, आणि प्रयोगशाळेत सापडलेले उत्तर गोठ्यापर्यंत पोहोचण्यास किती काळ जातो, या दोन्ही गोष्टींचा धडा या प्रकरणातून मिळतो.

निसर्गाचे सफाई कामगार

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि बारीक चोचीचे गिधाड या तीन जाती एकेकाळी सर्वांत विपुल होत्या. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटी करते. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीसारख्या डोंगरांच्या कड्याकपारींत वसाहत करून राहते. नाशिक जिल्ह्यातील अंजनेरीचे कडे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. बारीक चोचीच्या गिधाडाचे वास्तव्य मुख्यतः उत्तर व ईशान्य भारतात असते.

गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. त्यामुळे सडलेल्या मांसातील अनेक घातक जंतू त्याच्या पोटात नष्ट होतात. आपल्या समाजाने मेलेल्या गाई-बैलांची विल्हेवाट लावण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या याच पक्ष्याकडे सोपविले होते. कातडी काढून घेतल्यावर उरलेले कलेवर गावाबाहेरच्या ठरावीक जागी टाकले जाई आणि पुढचे काम गिधाडे करीत. मुंबईतील पारशी समाजाच्या डुंगरवाडीवरील अंत्यविधीही याच पक्ष्यावर अवलंबून होता. पुढे गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा तेथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

गिधाडाविषयी आपल्या मनात किळस असली, तरी आपल्या परंपरेने त्याला आदराचे स्थान दिले आहे. इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद हे स्थान, सीतेसाठी प्राण वेचणाऱ्या जटायूचे म्हणूनच भाविक ओळखतात.

ऱ्हासाची पहिली चाहूल

गिधाडांच्या संख्येत काही बिघाड झाला आहे, हे प्रथम ध्यानात आले ते राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात तेथील घरट्यांच्या नोंदी केल्या होत्या. १९९० च्या दशकात पुन्हा पाहणी करताना त्यांना अनेक घरटी रिकामी आढळली. झाडांखाली मृत पक्षी पडलेले होते. जे जिवंत होते, त्यांतील काही मान खाली घालून तासन्‌तास निश्चल बसलेले दिसत. हा वृत्तांत त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला.

त्यानंतर देशभर रस्त्यांच्या कडेने पद्धतशीर गणना करण्यात आली. १९९१ ते १९९३ या काळातील जुन्या गणनेचे मार्ग उपलब्ध होते. त्याच मार्गांवर पुन्हा पुन्हा मोजणी झाल्यामुळे तुलना करणे शक्य झाले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली होती, तर लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी. निराळ्या शब्दांत सांगायचे, तर पांढऱ्या पाठीच्या दर हजार गिधाडांमागे एकच उरले होते. या तिन्ही जाती २००० सालीच ‘अत्यंत संकटग्रस्त’ म्हणून घोषित झाल्या होत्या.

संशयितांची यादी

कारण शोधताना शास्त्रज्ञांपुढे अनेक शक्यता होत्या. अन्नाची टंचाई म्हणावी, तर देशात मृत जनावरांची वाण नव्हती. घरट्यांच्या झाडांची तोड म्हणावी, तर कड्यांवर राहणारी गिधाडेही मरत होती. शिकार म्हणावी, तर गिधाड कोणी मारीत नसे. पिकांवर फवारली जाणारी कीटकनाशके आणि शिसे, पारा यांसारखे जड धातू यांचाही संशय होता. एखादा नवा विषाणू पसरला असावा, असे मत २००३ पर्यंत बरेच प्रबळ होते.

याच सुमारास पाकिस्तानातील पंजाब प्रांतात अमेरिकेचे पशुवैद्यक व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. त्यांनी मृत गिधाडांची शवविच्छेदने केली. तपासलेल्या २५९ पक्ष्यांपैकी सुमारे ८५ टक्के पक्ष्यांच्या यकृतावर, हृदयावर व इतर अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला आढळला. हा थर युरिक आम्लाचा होता.

याचा अर्थ समजण्यासाठी पक्ष्यांच्या शरीरव्यापाराची थोडी माहिती हवी. मनुष्य व इतर सस्तन प्राणी शरीरातील टाकाऊ नत्रयुक्त द्रव्ये मुख्यतः युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर टाकतात. पक्षी ती युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, की रक्तातील युरिक आम्ल झपाट्याने वाढते आणि त्याचे स्फटिक अवयवांवर साचू लागतात. म्हणजेच ही गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती.

आता प्रश्न उरला तो मूत्रपिंडे कशाने निकामी झाली याचा. विषाणू, जिवाणू, कीटकनाशके व धातू यांसाठी केलेल्या चाचण्यांतून काहीच निष्पन्न झाले नाही. तेव्हा या शास्त्रज्ञांनी तपासाची दिशा बदलली. गिधाडे खातात काय? पाळीव जनावरांची कलेवरे. मग त्या जनावरांच्या पोटात काय जाते? त्यांनी पशुवैद्यकांकडे व औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली. मूत्रपिंडास अपायकारक, पोटातून शोषले जाणारे आणि अलीकडेच वापरात आलेले असे कोणते औषध जनावरांना दिले जाते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर एकच आले : डायक्लोफिनॅक.

माणसाचे औषध, पक्ष्याचे विष

डायक्लोफिनॅक हे आपल्या परिचयाचे वेदनाशामक आहे. १९७३ साली स्वित्झर्लंडमधील एका औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रथम तयार केले. शरीराला इजा झाली असता प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात व त्यांमुळे सूज, ताप आणि वेदना उद्भवतात. ही द्रव्ये तयार करणाऱ्या विकराचे कार्य डायक्लोफिनॅक रोखते. संधिवाताच्या लाखो रुग्णांना त्याने दिलासा दिला. १९९० च्या दशकात ते भारतात अतिशय स्वस्त झाले आणि कासदाह झालेल्या गाईम्हशींना, लंगडणाऱ्या बैलांना व तापाने फणफणलेल्या वासरांना सर्रास टोचले जाऊ लागले. जनावराला लगेच आराम पडे, म्हणून शेतकऱ्याचाही त्यावर विश्वास बसला. यात त्याचा काही दोष नव्हता. ज्याच्या संसाराचा गाडा एका बैलजोडीवर चालतो, तो बैल उभा राहावा म्हणून मिळेल ते औषध देणारच.

परंतु औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले, तर त्याच्या यकृतात, मूत्रपिंडात व मांसात औषधाचा अंश उरतो. हा अंश अत्यल्प असतो. पण गिधाडाच्या दर किलो वजनामागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम इतकी मात्राही त्याला मारक ठरू शकते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे वजन साधारण पाच किलो असते. म्हणजे एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी औषध त्याचा जीव घेण्यास पुरेसे आहे. माणसाच्या नेहमीच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम औषध असते, हे लक्षात घेतले म्हणजे या विषाची तीव्रता कळून येईल.

इतक्या सूक्ष्म प्रमाणातील द्रव्य शोधण्याचे काम रसायनशास्त्राने केले. ऊतीचा अर्क काढून त्यातील घटक क्रोमॅटोग्राफीने एकमेकांपासून वेगळे करावयाचे आणि नंतर रेणूच्या वस्तुमानावरून प्रत्येकाची ओळख पटवावयाची, ही ती पद्धती होय. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांची अशी तपासणी झाली. पंचविसांच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफिनॅक सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही ते सापडले नाही. पुढे, जखमी असल्यामुळे मोकळे सोडणे शक्य नसलेल्या काही गिधाडांना हे औषध आणि औषध दिलेल्या जनावरांचे मांस देऊन पाहण्यात आले. त्यांच्या अवयवांवरही तोच पांढरा थर दिसला. हे संशोधन २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भारत व नेपाळमधील मृत गिधाडांतही हेच कारण असल्याचे सिद्ध झाले.

एवढ्याने एवढा संहार कसा?

काही जनावरांना दिलेल्या औषधाने एवढ्या विशाल देशातील गिधाडे कशी संपतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर गणिताने दिले. गिधाड दीर्घायुषी पक्षी आहे. ते वयात येण्यास चार-पाच वर्षे लागतात आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. असा पक्षी टिकून राहतो तो प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमाण फार कमी असल्यामुळे. ते थोडे जरी वाढले, तरी पिल्लांच्या जन्माने तूट भरून निघत नाही. त्यातच एका कलेवरावर कित्येक गिधाडे एकाच वेळी जेवतात. शास्त्रज्ञांच्या गणिताप्रमाणे दर ७६० ते १३० कलेवरांमागे केवळ एक कलेवर विषारी असले, तरी जो ऱ्हास दिसून आला तो घडण्यास पुरेसे होते. प्रत्यक्षात भारतात २००४-०५ मध्ये तपासलेल्या कलेवरांपैकी दर शंभरात दहा-अकरा कलेवरांत हे औषध आढळले.

गिधाडे गेली, पण मेलेली जनावरे पडतच राहिली. त्यांवर भटक्या कुत्र्यांचे कळप पोसू लागले. कुजणाऱ्या मांसाने विहिरी व ओढे दूषित होण्याचा धोका वाढला. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, गिधाडांचे पूर्वी वास्तव्य असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांतील मृत्यूंच्या नोंदींची तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा निष्कर्ष त्यांनी २०२४ साली मांडला. गिधाड वाचविण्याचा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचाही आहे, हे यावरून स्पष्ट होते.

पर्यायी औषधाचा शोध

घातक औषधावर बंदी घालणे आवश्यक होते. परंतु शेतकऱ्याच्या हातातील औषध काढून घ्यावयाचे, तर त्याच्या आजारी जनावरासाठी दुसरे देणेही तितकेच आवश्यक होते. शास्त्रज्ञांनी जगभरातील प्राणिसंग्रहालयांच्या पशुवैद्यकांकडून, गिधाडांवर व इतर पक्ष्यांवर वापरलेल्या वेदनाशामकांच्या नोंदी मागविल्या. त्यांतून मेलॉक्सिकॅम या औषधाचे नाव पुढे आले. प्रथम आफ्रिकेतील गिधाडांवर आणि नंतर भारतातील जातींवर, अल्प मात्रेपासून आरंभ करून काळजीपूर्वक चाचण्या झाल्या. एकाही पक्ष्याला अपाय झाला नाही. गिधाडाच्या शरीरातून मेलॉक्सिकॅम झपाट्याने बाहेर पडते, तर डायक्लोफिनॅक दीर्घकाळ रेंगाळते, असे दिसून आले. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे टॉल्फेनॅमिक आम्ल हे आणखी एक औषधही सुरक्षित असल्याचे आढळले.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अमेरिकेतील टर्की गिधाडाला डायक्लोफिनॅकच्या मोठ्या मात्रेनेही काही होत नाही. नावाने गिधाड असले, तरी त्याचे कुळ वेगळे आहे. एका प्राण्याला निर्धोक असलेले औषध दुसऱ्यालाही निर्धोक असेल, असे गृहीत धरता येत नाही. जनावरासाठी औषध मंजूर करताना ते जनावर मेल्यावर त्याचे मांस कोण खाणार, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

बंदी आणि पळवाटा

केंद्र शासनाने मे २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबविण्याचे निर्देश दिले आणि २००८ साली राजपत्रात अधिसूचना काढून त्यास कायद्याचे बळ दिले. नेपाळ व पाकिस्तान यांनीही २००६ मध्येच बंदी घातली. परिणाम दिसू लागला. २००७-०८ मध्ये औषधाचा अंश असलेल्या कलेवरांचे प्रमाण शेकडा साडेसहापर्यंत उतरले.

तरीही औषध पूर्णपणे नाहीसे झाले नाही. माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात. म्हणून जुलै २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या कुपीत विकण्याचे बंधन घालण्यात आले. त्यानंतर दुसरी अडचण उभी राहिली. असेक्लोफिनॅक नावाचे औषध गाईम्हशींच्या शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर डायक्लोफिनॅकमध्येच होते. कीटोप्रोफेनही गिधाडांना मारक ठरले. या दोहोंवर जुलै २०२३ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी बंदी आली आणि डिसेंबर २०२४ च्या अखेरीस निमेसुलाईडवरही. पहिल्या शोधापासून येथवर येण्यास वीस वर्षे लागली.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

या काळात उरलेला वंश टिकविण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व राज्य शासनांच्या सहकार्याने हरियाणातील पिंजोर, पश्चिम बंगालमधील राजाभातखावा, आसाममधील राणी आणि मध्य प्रदेशातील भोपाळ येथे प्रजनन केंद्रे उभी राहिली. २०१५ च्या सर्वेक्षणावरून देशात पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, लांब चोचीची सुमारे १२,००० आणि बारीक चोचीची सुमारे १,००० गिधाडे असावीत, असा अंदाज करण्यात आला. घसरण मंदावली असली, तरी संख्या वाढू लागली आहे असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगाव येथे स्थानिक ग्रामस्थांच्या सहकार्याने गिधाडांची वसाहत जपली गेली. नाशिक जिल्ह्यात हरसूल भागातील खोरीपाडा येथे व गडचिरोली जिल्ह्यात वनविभागाने ‘गिधाड उपाहारगृहे’ चालविली. औषधाचा अंश नसलेल्या जनावरांची कलेवरे तेथे गिधाडांसाठी ठेवली जातात. २०२४ च्या प्रारंभी पिंजोर केंद्रातील गिधाडे पेंच व ताडोबा व्याघ्र प्रकल्पांत आणण्यात आली आणि परिसराची सवय झाल्यावर त्यांना मुक्त करण्यात आले. पण मोकळे सोडलेले गिधाड एका राज्यात थांबत नाही. ते शेकडो किलोमीटर भ्रमण करते. ते ज्या ज्या शिवारावरून उडेल, तेथील प्रत्येक गोठ्यावर त्याचे आयुष्य अवलंबून आहे.

आपण काय करू शकतो?

पशुपालकांनी आजारी जनावरासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषध घ्यावे आणि मेलॉक्सिकॅमसारखे सुरक्षित औषध मागावे. माणसांचे दुखण्याचे इंजेक्शन जनावराला देऊ नये. औषधविक्रेत्यांनीही ते त्यासाठी विकू नये. कोणते औषध दिले हे माहीत नसेल आणि जनावर उपचार चालू असताना दगावले असेल, तर त्याचे कलेवर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. कुत्र्यांसाठी वा वन्य प्राण्यांसाठी कलेवरात विष कालविणे हा गुन्हा आहे आणि त्यात गिधाडांचाच बळी अधिक जातो. शिवारात गिधाडांचे घरटे किंवा निश्चल बसलेला आजारी पक्षी दिसल्यास वनविभागाला कळवावे.

गिधाडांच्या मृत्यूचे कोडे विज्ञानाने सोडविले आहे आणि पर्यायी औषधही हाती दिले आहे. आता उरलेले काम गावोगावच्या पशुपालकांचे, पशुवैद्यकांचे आणि औषधविक्रेत्यांचे आहे. त्यांनी दुकानातून योग्य कुपी उचलली, तर सह्याद्रीच्या कड्यांवरील रिकामी घरटी पुन्हा भरू लागतील आणि गावकुसाबाहेरची स्वच्छता पुन्हा तिच्या जुन्या सेवकांच्या हाती जाईल.